भाडे आधी द्या: विज्ञान परिषदांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठे, संशोधन संस्था आणि विज्ञान संघटना यांच्या परिषद-आयोजन समित्यांचे मा. अध्यक्ष, निमंत्रक आणि सदस्य यांस

सविनय नमस्कार.

गणपती उरकले की आपल्या परिषदांची परिपत्रके महाविद्यालयांच्या ईमेलवर येऊ लागतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथे विज्ञानाच्या जवळपास प्रत्येक शाखेची एखादी तरी राष्ट्रीय परिषद भरते. मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ९.३५ टक्के आहे, तर आमच्या जिल्ह्यात तो ६९ टक्क्यांच्या वर आहे. साहजिकच आमच्या वर्गातली बहुतेक मुलेमुली भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा समाजांतली असतात आणि त्यांतल्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. यांच्यापैकी काहींकडे परिषदेत मांडण्याजोगे काम असते, मांडण्याची इच्छाही असते, आणि तरी आपल्या सभागृहांत ते क्वचितच दिसतात. या मुलांना आवड नाही किंवा कुवत नाही असे आपल्यापैकी कोणी उघडपणे म्हटलेले मी ऐकलेले नाही. मात्र आपली परिपत्रके वाचताना ती कोणत्या घरातल्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत, हे कळायला वेळ लागत नाही.

परिपत्रकाच्या शेवटी, टीपेच्या अक्षरांत, साधारण अशा अर्थाची एक ओळ असते: निवडक विद्यार्थ्यांना प्रवासखर्चाची प्रतिपूर्ती परिषद संपल्यावर, मूळ तिकिटे व पावत्या सादर केल्यास, निधीच्या उपलब्धतेनुसार करण्यात येईल. ही ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तिचा आमच्या बाजूने हिशेब करून पाहा. नोंदणी शुल्क, पोस्टरची छपाई, धडगावहून किंवा अक्कलकुव्याहून शहाद्यापर्यंत आणि तिथून रात्रीच्या एसटीने पुण्यापर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे, दोन रात्रींचा मुक्काम आणि बाहेरचे जेवण धरले तर एका विद्यार्थ्याचा खर्च सहज पाच-सहा हजारांवर जातो. ज्या घरातले आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले असतात, त्या घरात एवढी रक्कम डिसेंबरात मोकळी नसते, आणि शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून शिष्यवृत्तीचा हप्ता कधी जमा होईल याचा भरवसा विद्यार्थ्याला काय, महाविद्यालयाच्या कार्यालयालाही देता येत नाही. म्हणजे हातउसने पैसे घेऊन आपल्या परिषदेला यायचे आणि ते परत मिळण्याची वाट पाहायची. ऊसतोडीच्या धंद्यात पिळवणूक किती आहे हे सर्वांना ठाऊक आहे, पण तिथलाही मुकादम उचल आधी देतो. आपल्या परिषदा मात्र राज्यातल्या सर्वांत कमी ऐपतीच्या विद्यार्थ्याला सांगतात की आधी तू खर्च कर, मग बघू.

पावत्यांचे म्हणाल तर धडगावच्या घाटातून खाली येणारी जीप पावती देत नाही. एसटीच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरे काही आठवड्यांत उडून जातात, आणि कोरी पडलेली चिठ्ठी लेखा विभाग मान्य करत नाही. एका नामांकित संस्थेने आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज नेमका याच कारणासाठी परत पाठवला होता. दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा ३१ मार्च उलटून गेला होता आणि त्या शीर्षाखालचा निधी परत गेला होता. त्या संस्थेतल्या कोणाचीही यात दुष्टबुद्धी नव्हती आणि प्रत्येकाने आपापला नियम पाळला होता. परंतु निमंत्रित वक्त्यांच्या बाबतीत हेच नियम आड येत नाहीत असे दिसते, कारण त्यांचे विमानाचे तिकीट संस्थाच आधी काढून पाठवते आणि विमानतळावर गाडीही उभी असते. जी सोय लाख-दीड लाख पगाराच्या प्राध्यापकाला नियमात बसते, ती एफवाय-एसवायच्या मुलाला का बसू नये, हे लेखा विभागाने एकदा लेखी सांगावे.

माझी मुख्य मागणी एवढीच आहे: गोषवारा, म्हणजे मांडायच्या कामाचा सारांश, स्वीकारल्याचे पत्र ज्या दिवशी जाईल, त्याच आठवड्यात प्रवास आणि निवासाची एकरकमी रक्कम, अंतरानुसार ठरवून, विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा व्हावी. आधार जोडलेले खाते या प्रत्येक मुलाकडे आहे, कारण त्याशिवाय शिष्यवृत्तीच मिळत नाही. पावत्या मागू नयेत. उपस्थितीचा दाखला पुरे. नोंदणी शुल्क माफ करायचे ते गोषवाऱ्याच्या अर्जातच एका खुणेवर माफ व्हावे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातप्रमाणपत्र, रहिवासी दाखला असा गठ्ठा नव्याने जोडायला लावू नये, प्राचार्यांचे पत्र ग्राह्य धरावे. आणि कृपा करून अशा विद्यार्थ्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत वेगळ्या रंगाची ठेवू नये. असे झालेले मी पाहिले आहे. आयोजकांना जेवणाची कुपने मोजायला सोपे जावे म्हणून ते केले होते, पण दिवसभर ती मुले फीत शर्टाच्या आत घालून वावरत होती.

परिषदेला येऊन या मुलांना नेमके काय मिळते, असा प्रश्न काही ज्येष्ठ मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. प्रमाणपत्र मिळते हे त्याचे उत्तर नव्हे. आमच्या एका विद्यार्थिनीने मोहाच्या फुलांच्या साठवणीवर प्रकल्प केला होता. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ही फुले वेचून अंगणात वाळवतात आणि वर्षभर साठवतात. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते आणि निम्मा माल वाया जातो. तिने सारवलेल्या जमिनीवर वाळवलेली फुले आणि जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवलेली फुले यांची तुलना केली, ओव्हनमध्ये सुकवून ओलाव्याचे प्रमाण काढले, बटाटा-डेक्स्ट्रोज आगरच्या बशांवर बुरशी वाढवून अस्परजिलस या बुरशीच्या वसाहती मोजल्या. जाळीवरची फुले चांगली टिकतात हे दिसले, पण एक कोडे उरले: ओलाव्याचे प्रमाण जवळपास सारखे असलेल्या दोन नमुन्यांपैकी एकावर भरपूर बुरशी येई आणि दुसऱ्यावर जवळजवळ नाही. मला त्याचा उलगडा करता आला नाही.

पोस्टर शहाद्यात छापले होते आणि तिथे मोठ्या आकाराचा कागद मिळत नसल्याने ते फ्लेक्सवर छापले होते. परिषदेच्या फलकावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली की पाच मिनिटांत फ्लेक्स सुटून खाली येई, म्हणून ती विद्यार्थिनी एका हाताने वरचा कोपरा धरून उभी होती. पहिले दोन परीक्षक तिचे पाठ केलेले इंग्रजी ऐकून, मान हलवून, गुण लिहून पुढे गेले. तिसऱ्या बाई अन्नतंत्रज्ञानाच्या होत्या. त्यांनी आधी स्वयंसेवकाकडून क्लिपा आणवल्या आणि मग मराठीत विचारले, “फुलांत साखर किती असते ग?” तिथून जे बोलणे सुरू झाले ते परीक्षणाची वेळ संपली तरी चालू होते. मोहाच्या फुलात साखर भरपूर असते, ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे एकूण ओलावा किती यापेक्षा बुरशीला वापरता येण्याजोगे पाणी किती हे पाहायला हवे. त्याचे एक माप आहे, त्याला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात, आणि ती ०.६ च्या खाली गेली की बहुतेक कोणतीच बुरशी वाढत नाही, हे त्यांनी तिला तिच्याच आलेखावर बोट ठेवून समजावले. ते मोजायचे यंत्र आमच्याकडे नव्हते. त्यांनी नमुने पाठवायला सांगितले, आम्ही ते हवाबंद बाटल्यांतून कुरियरने पाठवले आणि आलेखातला गोंधळ सुटला. पाठ्यपुस्तकात हे सगळे आहे, नाही असे नाही. पण कोणते पान उघडायचे हे सांगणारे माणूस आमच्या गावात नसते आणि ते आपल्या परिषदेत भेटते. या मुलांसाठी भाडे मागताना मी नेमके त्या भेटीचे भाडे मागते आहे.

इथे दुसऱ्या एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण आपल्या परिषदांना येऊ न शकणारी मुले रिकामी राहत नाहीत, त्यांना दुसऱ्याच परिषदा गाठतात. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीपासून शिक्षकांच्या पदोन्नतीला परिषदांचे आणि शोधनिबंधांचे गुण जोडले गेले, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातही परिषदांची संख्या विचारली जाऊ लागली, आणि गावोगावच्या महाविद्यालयांत एकदिवसीय राष्ट्रीय, कधी आंतरराष्ट्रीय, परिषदांचे पेव फुटले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणे यांत दुपार होते. जेवणानंतर तीन खोल्यांत समांतर सत्रे होतात, प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात, प्रश्नोत्तरांना वेळ नसतो. हजार-बाराशे रुपये भरलेल्या प्रत्येकाचा निबंध कुठल्यातरी नियतकालिकाच्या विशेषांकात छापला जातो. आमच्या विद्यार्थ्याने पाहिलेली एकमेव परिषद ही अशी असते. तिथे त्याच्या कामाला कोणी नाव ठेवत नाही आणि कोणी ते वाचतही नाही. विज्ञान म्हणजे पैसे भरून प्रमाणपत्र घेणे, हा धडा तो तिथून घेऊन येतो, आणि तो पुसायला मला पुढचे सबंध सत्र लागते. अशा समारंभांत बीजभाषण करायला आपल्यापैकी काही मान्यवर जातात हेही मी पाहते. त्यांनी जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या मांडणीसाठी किती वेळ ठेवला आहे एवढे जरी विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल.

‘आविष्कार’चा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून चालू असलेल्या या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संशोधन हा शब्द ओळखीचा केला, आणि जिल्हा पातळीपासून सुरुवात होत असल्याने तो आमच्या दारापर्यंत येतो. परंतु ती स्पर्धा आहे. जिल्ह्यातून विद्यापीठात आणि तिथून राज्यात जाणारी मुले मूठभर. बाकीच्यांचे पोस्टर पहिल्याच फेरीनंतर गुंडाळले जाते आणि ते का हरले हे त्यांना बहुधा कळत नाही. परिषदेत हरणे-जिंकणे नसते, निदान नसावे, आणि म्हणूनच अर्धवट, अडखळलेले, उत्तर न सापडलेले काम घेऊन जाण्याची ती जागा आहे.

भाषेची गोष्ट यालाच लागून येते. १९९३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले आपला प्रकल्प आपल्या भाषेत मांडतात. तीच मुले बीएस्सीला आली की त्यांच्याकडून अचानक इंग्रजी गोषवारा, इंग्रजी पोस्टर आणि इंग्रजी उत्तरांची अपेक्षा केली जाते, आणि घरी पावरी, शाळेत मराठी बोललेल्या मुलाची ही तिसरी भाषा आहे हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. इंग्रजी नको असे मी म्हणत नाही; संशोधनाची आजची भाषा ती आहे आणि ती आमच्या मुलांना आलीच पाहिजे. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. पोस्टर दोन्ही भाषांत चालेल असे परिपत्रकात लिहा, परीक्षकांच्या प्रत्येक गटात मराठीत प्रश्न विचारू शकणारी एक व्यक्ती ठेवा, आणि गोषवारा केवळ भाषेसाठी नाकारण्याऐवजी सुधारून पाठवायला आठवडाभराची मुदत द्या. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान मांडत आली आहे. गोषवारे नीट करून देण्यासाठी मार्गदर्शक हवे असतील तर तिथल्या मंडळींना विचारता येईल.

मुक्कामाबद्दल थोडक्यात. ‘जवळच्या हॉटेलांची यादी सोबत जोडली आहे’ या वाक्याने आमच्या विद्यार्थिनींचे येणे तिथल्या तिथे रद्द होते. पालक नाही म्हणतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. आपल्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात दोन खोल्या राखून ठेवा, सोबत येणाऱ्या शिक्षिकेची सोय तिथेच करा, आणि तिच्या कर्तव्यरजेसाठी प्राचार्यांच्या नावे स्वतंत्र पत्र द्या. शासकीय आदिवासी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना बाहेरगावी रात्र काढायची तर गृहपालांची परवानगी लागते. निवडपत्रावर परिषदेच्या तारखा, निवासाचा पत्ता आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक असला तर ती परवानगी एका दिवसात मिळते, नसला तर आठवडा जातो.

आता जरा अवघड विषयाकडे येते. आमच्या भागाबद्दलची माहिती आपल्या परिषदांत नियमित पोचते, फक्त माणसे पोचत नाहीत. सातपुड्यातल्या औषधी वनस्पतींवरचे, ज्वारी-मक्याच्या स्थानिक वाणांवरचे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचे कितीतरी निबंध वाचले जातात. त्यांच्या शेवटी ‘स्थानिक माहितीदात्यांचे आभार’ असतात. त्या माहितीदात्यांची मुले आज वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकत आहेत. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि २०४७ हे त्याचे उद्दिष्टवर्ष आहे. आमच्या वर्गांत सिकलसेलचे वाहक असलेली मुले बसतात, तो ओळखण्याची विद्राव्यता चाचणी प्रयोगशाळेत स्वतःच्या रक्तावर करून पाहतात, आणि या आजाराबद्दल त्यांना पडणारे प्रश्न कोणत्याही प्रश्नावलीत मी पाहिलेले नाहीत. तपासणीत वाहक निघालेल्या मुलीच्या लग्नाचे काय होते, तपासणीच्या निकालाचे कार्ड मिळाल्यावर ते घरात कुठे ठेवले जाते, हे त्यांना माहीत आहे. सिकलसेलवरच्या परिषदेत त्यांना फक्त आकडेवारीतला एक ठिपका म्हणून जागा असावी, हे विज्ञानाच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे.

जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात भरलेल्या १०८ व्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये आदिवासी विज्ञान काँग्रेस हा नवा कार्यक्रम घेतला गेला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याची घोषणा करताना भर होता तो प्राचीन देशी ज्ञान आणि परंपरा यांच्या प्रदर्शनावर. आदिवासी म्हटले की जडीबुटी, वारली चित्र आणि तारपा, ही आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली चाकोरी आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला कणभौतिकी आवडते. त्याने कोणत्या दालनात उभे राहायचे? वेगळा कक्ष, वेगळे सत्र, वेगळा मांडव यांतून छायाचित्रे चांगली निघतात, मात्र मुख्य सभागृहातली जागा भरायची ती राहूनच जाते. आमच्या मुलांना त्यांच्या विषयाच्या सत्रात, बाकीच्यांच्या शेजारच्या फलकावर जागा हवी आहे.

बाहेर याचे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत मेक्सिकन-हिस्पॅनिक आणि मूलनिवासी समाजांतील वैज्ञानिकांनी १९७३ मध्ये ‘साक्नास’ ही संघटना उभारली आणि तिची वार्षिक परिषद आज हजारो विद्यार्थ्यांची असते. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीने २००१ पासून अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांसाठी जैववैद्यकीय संशोधनाची स्वतंत्र वार्षिक परिषद भरवली. मी वेगळ्या मांडवाला विरोध करते आणि ही उदाहरणे वेगळ्या परिषदांची देते, हे मला दिसते. फरक असा की तिथे पदवीचे विद्यार्थी आपापल्या विषयातले चालू संशोधन मांडतात, त्यांना प्रवासासाठी शिष्यवृत्त्या मिळतात, आणि नामांकित विद्यापीठांचे प्रवेश विभाग तिथे स्टॉल लावून बसतात, कारण पुढच्या पीएचडीचे विद्यार्थी त्यांना तिथून न्यायचे असतात. आपल्याकडे भौतिकशास्त्रातल्या स्त्रियांच्या बाबतीत थोडे काम झाले आहे. २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात झालेल्या ‘प्रेसिंग फॉर प्रोग्रेस’ परिषदेतून भौतिकशास्त्रातल्या स्त्री-पुरुष समानतेसाठीची ‘हैदराबाद सनद’ निघाली, आणि २०२० पासून ‘बायसवॉचइंडिया’ हा उपक्रम परिषदांच्या वक्त्यांत स्त्रिया किती हे मोजून जाहीर करतो. मोजणे सुरू झाले की आयोजक सावध होतात हे त्यातून दिसले. आपणही परिषदेच्या अहवालात मांडणी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जण अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रातल्या महाविद्यालयांतले होते, किती जण घरातले पहिले पदवीधर होणारे होते, आणि किती जणांचे भाडे आधी दिले, हे तीन आकडे छापावेत. नावे नकोत, आकडे पुरेत.

कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, त्या ठाम उभ्या राहिल्या, अटींवर प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, ही कथा आपण विज्ञानदिनाला सांगतो. त्यांच्या जिद्दीबद्दल दुमत नाही. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. ती संस्था काय आहे, तिचे दार कुठे आहे आणि ते ठोठावल्यावर आतून कोण उत्तर देते, हे त्यांच्या घरात माहीत होते. आमच्या मुलांना अन्याय झाल्यावर भांडायचे कोणाशी हे कळण्याआधी, मुळात अर्ज कुठे करायचा हेच कळलेले नसते. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम, केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत उन्हाळी प्रकल्पासाठी वर्षाला ठेवलेले २०,००० रुपये, दूरच्या संस्थेतले उपकरण वापरायला देणारे आय-स्टेम पोर्टल, हे सर्व कागदावर सर्वांना खुले आहे. प्रत्यक्षात त्यासाठी ओळखीचा मार्गदर्शक किंवा शिफारसपत्र लागते, आणि ओळख होण्याची जागा म्हणजे परिषदेतला चहा. म्हणून शेवटच्या दिवशी समारोपाचे एक भाषण कमी करा आणि त्या तासात आपल्या संस्थेतल्या प्राध्यापकांना पोस्टरांपुढे उभे करा. उन्हाळ्यात कोणाला कोणत्या प्रयोगशाळेत घेता येईल हे तिथेच ठरू द्या.

दर्जा खालावेल, असा आक्षेप येईल. गोषवारे नाव आणि महाविद्यालय झाकून तपासा, म्हणजे दर्जाची चिंता दोन्ही बाजूंनी मिटेल. आमची मुले त्यात गळाली तर माझी तक्रार नाही. पैसे नाहीत, हा दुसरा आक्षेप. परिषदेची कापडी पिशवी, आत कोणी न वाचणारी जाडजूड स्मरणिका, प्रत्येक सत्राध्यक्षाला काचेचे सन्मानचिन्ह आणि प्रवेशद्वारापासून भोजनकक्षापर्यंतचे फलक यांचा खर्च एकदा बेरीज करून पाहावा. माझ्या घरातही अशी सन्मानचिन्हे आहेत आणि त्यांचे काय करावे हे मला आजवर सुचलेले नाही. विभागीय परिषद असेल तर ती थेट आमच्याकडे भरवण्याचाही विचार व्हावा. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात दरवर्षी विज्ञानदिनाला ग्रामीण भागातले हजारो विद्यार्थी जमतात. शहर सोडून विज्ञानाची जत्रा भरू शकते हे तिथे दिसून आले आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आता क्षेत्रप्रकल्प करावाच लागतो आणि चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्यायही आहे. म्हणजे येत्या दोन-तीन वर्षांत आमच्यासारख्या महाविद्यालयांतून मांडण्याजोगे काम आजच्या कितीतरी पट निघणार आहे. त्याची तयारी आपल्या बाजूला व्हायची असेल तर या हंगामाच्या अंदाजपत्रकातच विद्यार्थ्यांच्या आगाऊ भाड्याचे शीर्ष धरावे लागेल. आमच्या बाजूचे काम आम्ही करू: अनुसूचित क्षेत्रातल्या महाविद्यालयांच्या विज्ञान शिक्षकांची विषयवार यादी आम्ही काही जण मिळून तयार करत आहोत, ती मागाल त्या समितीला देऊ, परिपत्रक प्राचार्यांच्या ईमेलमध्ये पडून राहू नये म्हणून ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवू, पालकांशी आणि गृहपालांशी आम्हीच बोलू. आपण फक्त गोषवाऱ्याची अंतिम तारीख हिवाळी सत्र परीक्षेच्या आठवड्यात ठेवू नका, आणि निवडीचे पत्र परिषदेच्या किमान महिनाभर आधी पाठवा, म्हणजे रेल्वेचे आरक्षण मिळते.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका,
जि. नंदुरबार